पारावरचा माणूस नको, यादीतला पाहिजे

गेल्या अंकात निवडणुकीच्या सर्व्हेवाल्यांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आन तुमच्या पत्रांचा, मेसेजचा नुसता ढीग पडला, त्यामुळं हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. मी काय लै मोठा तज्ज्ञ नाही बरं का, परभणीत राज्यशास्त्र शिकवलं आन दर निवडणुकीला एप्रिल-मेच्या उन्हात फॉर्म भरत, पोरांकडून भरून घेत मराठवाडाभर हिंडलो, तेवढंच भांडवल.

प्रश्न : सर, आम्ही एमए राज्यशास्त्राचे पाच जण आहोत. देशभरातल्या मतदारांचं मत आणि वागणं समजून घेणारा सर्व्हे कसा आखायचा, हे आम्हाला प्रोजेक्टमध्ये कागदावर मांडायचंय. आमच्यात एक जण म्हणतो की कमीत कमी दहा लाख लोक तरी पाहिजेत, नाहीतर एवढ्या देशाचं काय कळणार? नक्की किती घ्यायचे? – एक विद्यार्थी, अंबाजोगाई

दहा लाख फॉर्म भरायला माणसं कुठून आणणार रे पोरांनो, आन त्यांना चहापाणी कोण देणार! आधी एकदा मोंढ्यात चक्कर मारून या. सोयाबीनचं पोतं आलं की खरेदीदार वरच्या मूठभर दाण्याकडं बघतसुद्धा नाही, कारण वर चांगला माल ठेवायचा हे सगळ्यांनाच माहितीय, तो टोकदार लोखंडी नळी घेतो, पोत्याच्या पोटात खुपसतो आन आतला माल तळहातावर घेऊन बघतो. माल टेम्पोभर असो का ट्रकभर, त्याला मूठ-दोन मूठच लागते. पण नळी कुठं खुपसायची हे तो ठरवतो, माल विकणारा नाही. सर्व्हेचं सगळं शास्त्र ह्यातच आलं म्हणा ना.

आता आकडा. ढोबळ हिशोब असाय की चूक म्हणजे एक भागिले सॅम्पलचं (ज्यांना विचारलं त्या लोकांच्या आकड्याचं) वर्गमूळ, म्हणजे ४०० लोक घेतले तर उत्तर साधारण ५ टक्के इकडंतिकडं, १६०० घेतले तर अडीच, १०,००० घेतले तर १ टक्का, आन हे शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. बघा, माणसं चौपट केली तेव्हा कुठं चूक निम्मी झाली, म्हणून एका मर्यादेपुढं आकडा वाढवण्यात पैसा जातो, हाताला काही लागत नाही. देश १४० कोटींचा आहे का १४ कोटींचा, ह्यानं ह्या हिशोबात जवळजवळ फरकच पडत नाही, हे पोरांना वर्गात पटवायला मला दरवर्षी दोन तास जायचे.

मग दिल्लीची लोकनीती (सीएसडीएस ह्या संशोधन संस्थेचा निवडणुकांचा अभ्यास करणारा गट) देशपातळीवर वीस-बावीस हजार लोक का घेते? कारण नुसता देशाचा आकडा कोणालाच नको असतो. महाराष्ट्राचं वेगळं सांगा म्हणलं की महाराष्ट्रातच हजार-दीड हजार लागतात, त्यात मराठवाड्याचं वेगळं पाहिजे म्हणलं की परत तेवढेच, त्यात मराठवाड्यातल्या बायांचं वेगळं... कळलं ना कुठं चाललंय ते. तर आधी ठरवा की तुम्हाला कोणाकोणाबद्दल वेगळं बोलायचंय, आकडा त्यातून निघतो. दुसरं, एका गावातले वीस जण बरेचदा एकसारखा विचार करतात, त्यामुळं ५० गावांतले वीस-वीस म्हणजे हजार सुटी माणसं नव्हंत. गावं जास्त घ्या, गावातली माणसं कमी घ्या. पेट्रोल जास्त लागतं, पण माल चांगला येतो.

माणसं काढायची कशी, तर पायरी पायरीनं. राज्याच्या वाट्याला किती ते आधी, मग राज्यातले मतदारसंघ चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढायचे, फक्त जिथं मतदार जास्त त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, मग मतदारसंघातले बूथ, आन शेवटी बूथच्या मतदार यादीतली नावं. समजा बूथवर ९६० मतदार आहेत, वीस मुलाखती पाहिजेत, पण सगळे भेटणार नाहीत म्हणून आधीच ४० नावं काढायची. ९६० भागिले ४०, म्हणजे २४. आता १ ते २४ मधला कोणताही एक आकडा डोळे झाकून काढा, समजा ११ निघाला, तर ११, ३५, ५९, ८३ असं उतरत जायचं. यादीत घरं साधारण ओळीनं असतात, त्यामुळं २४-२४ च्या उडीनं चाललं की पाटलाची गल्ली, मोमीनपुरा, भीमनगर, तांडा सगळीकडं आपोआप पाय पडतो, कोणाला टाळायचं म्हणलं तरी टाळता येत नाही.

आन मग खरी परीक्षा. ३५ नंबरचा माणूस शेतात आखाड्यावर आहे, घर बंद, ऊन ४३ डिग्री, आन समोर पारावर दहा-बारा जण रिकामे बसलेत, ‘या की सर, आम्हाला इचारा, गावाचं सगळं सांगतो’ म्हणायलेत. तिथं बसला की तुमचा सर्व्हे संपला. पारावर कोण असतं? पुरुष, त्यातही बोलके, त्यातही राजकारणाची आवड असलेले, बाई एक नाही, शेतमजूर एक नाही. म्हणजे पोत्यावरची मूठ. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक वाक्य ठळक अक्षरात लिहा की सर्व्हे करणाऱ्याला माणूस निवडायचा अधिकार नाही, घर बंद असलं तर सकाळ-संध्याकाळ परत जायचं.

यादी पण काय गंगेतून धुऊन आलेली नसते म्हणा. मयत माणसं असतात, लग्न होऊन गेलेल्या पोरी असतात, चाकणला कंपनीत गेलेली पोरं असतात. बीड, केज, धारूर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला, म्हणून सर्व्हे कोणत्या महिन्यात करायचा हेही डिझाईनच आहे. शेवटी जे लोक कमी भेटले त्यांच्या उत्तराला थोडं जास्त वजन देऊन हिशोब जुळवतात, पण ते वजन जनगणनेवरून काढायचं आन हातात अजून २०११ चीच जनगणना, त्यामुळं तिथं फार शहाणपणा करू नका.

प्रश्न : माझं वय ५४. आजपर्यंत एकही सर्व्हेवाला माझ्या दारात आला नाही. मग हे लोक ‘जनतेचा कौल’ कशाच्या जोरावर सांगतात? – एक वाचक, सेलू

काका, २०२४ ला देशात मतदार जवळपास ९७ कोटी होते. वीस हजारांचा सर्व्हे म्हणलं तर साधारण ४८ हजार माणसांत एकाचा नंबर लागतो. तुमच्या अख्ख्या सेलूत मिळून एखाद्याचा लागला तर लागला, तोही गावाचं नाव चिठ्ठीत निघालं तर. त्यामुळं रागावू नका, तुम्हाला टाळलेलं नाही. उलट दर निवडणुकीला ज्याला विचारतात असा माणूस भेटला तर समजा की सर्व्हेवाला त्याच्या ओळखीचाय.

प्रश्न : आमच्या चॅनलनं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून चार दिवसांत ४० हजार लोकांची मतं घेतली. तुमच्या वीस हजारांच्या दुप्पट झाली की! हा सर्व्हे भारी का नाही? – एक युट्यूबर, नांदेड

भौ, मेहनत दिसतीय, पण ही गोष्ट ९० वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेलीय. १९३६ ला लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास लोकांना मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, २३-२४ लाख भरून परत आल्या, त्यावरून त्यांनी छातीठोक सांगितलं की अध्यक्षपदाला लँडन जिंकणार, रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. पत्ते कुठून घेतले होते तर टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आन मोटारगाड्यांच्या नोंदीतून, आन त्या मंदीच्या काळात फोन-गाडी कोणाकडं असणार? त्यातही परत पाठवायचे कष्ट कोणी घेतले, तर ज्याला राग जास्त त्यानं. लोकांचं मत मोजायचा धंदा करणाऱ्या जॉर्ज गॅलपनं त्याच वेळी ५० हजारांच्या आसपास लोकांवरून बरोबर सांगितलं आन रातोरात नाव कमावलं.

गंमत पुढं आहे. ह्याच गॅलपचा १९४८ ला अंदाज चुकला, अध्यक्षपदाला ट्रुमन हरणार म्हणाले आन ते जिंकले. तेव्हा पद्धत अशी होती की पोराला सांगायचं, इतके पुरुष आण, इतक्या बाया, इतके गरीब, इतके म्हातारे, कोटा पूर्ण कर, पण त्यातला नेमका माणूस कोणता हे त्या पोरानं ठरवायचं. पोरगं सोप्या घरात जाणार, सोप्या माणसाला विचारणार. झालं ना परत पारावरचंच.

तुमचे ४० हजार म्हणजे तुमचं चॅनल बघणारे, स्मार्टफोनवाले आन त्यातही लिंक दाबायची हौस असलेले. ‘आमच्या प्रेक्षकांचा कल’ म्हणून बिनधास्त दाखवा. जिल्ह्याचा कौल म्हणू नका.

प्रश्न : आमच्या महिला मंडळानं मतदारांसाठी प्रश्न काढलेत, बघून सांगाल का? १) तुम्ही विकासाला मत दिलं की जातीला? २) सरकारच्या शेती आणि रोजगार धोरणावर तुम्ही समाधानी आहात का? ३) वाढत्या महागाईमुळे सरकारवरची तुमची नाराजी वाढली आहे का? – एक वाचक, उदगीर

ताई, राग मानू नका, तिन्ही परत लिहावे लागतील.

पहिल्याला ‘मी जातीला मत दिलं’ असं कोण तोंडानं म्हणणार? शंभरातले नव्वद विकास म्हणतील आन तुम्हाला काहीच कळणार नाही. जातीचं वागणं बघायचं असंल तर विचारायचं नसतं, जोडायचं असतं. मत कुणाला दिलं हे एकीकडं, जात-शिक्षण-जमीन हे फॉर्मच्या शेवटच्या पानावर दुसरीकडं, आन जोडणी नंतर कंप्युटरवर. दुसऱ्यात दोन प्रश्न एकात कोंबलेत, एखादा शेतीवर खूश पण पोरगं घरी बसलंय म्हणून नाराज, त्यानं काय सांगावं? तिसऱ्यात तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. त्यापेक्षा उघडं विचारा, ‘मत देताना तुमच्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा कोणता होता?’ आन तो जे बोलंल ते त्याच्याच शब्दात लिहून घ्या, पर्याय वाचून दाखवू नका. ‘सोयाबीनला भाव न्हाई’ म्हणला तर तसंच लिहा, त्याला नंबर द्यायचं काम नंतर बसून करता येतं. लोकनीतीच्या २०२४ च्या मतदानाआधीच्या सर्व्हेत बेरोजगारी आन महागाई हे दोन मुद्दे वर आले ते अशाच प्रश्नातून.

शब्दांचं तर विचारूच नका. एकदा पैठणकडं गोदाकाठच्या गावात आम्ही प्रश्नावली तपासून बघत होतो, माझ्याबरोबरच्या पोरानं एका म्हातारीला विचारलं, ‘मावशी, सरकारच्या धोरणावर तुम्ही समाधानी आहात का?’ म्हातारी म्हणली, ‘हाव की, औंदा लई भरलंय.’ पोरानं टिक मारली, पूर्ण समाधानी. मी म्हणलं थांब, काय भरलंय विचार. तर धरण! तिनं धोरण ऐकलंच नव्हतं, तिच्यासाठी ते जायकवाडी होतं. त्या दिवशी ‘धोरण’ शब्द फॉर्ममधून गेला आन ‘सरकारचं काम’ आला. असे दहा-वीस फॉर्म आधी भरून बघितल्याशिवाय छापखान्यात जायचं नाही, आन हे बघणं बसस्टँडवर नाही, त्याच गावात, त्याच वयाच्या माणसांबरोबर. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली), परभणी-नांदेडच्या मोहल्ल्यात दखनी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू मिसळलेली, उमरग्याकडं कन्नड, ही सगळी तयारी तुमच्या एका ‘राष्ट्रीय’ सर्व्हेतल्या एकट्या मराठवाड्याची झाली, बाकी देश राहिलाच.

आन ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवा, पण वाचून दाखवू नका. वाचला की लोक तोच घेतात, सुटका होते त्यांची.

एक अजून. प्रश्न जुन्या सर्व्हेत असला तर त्याचा शब्द बदलायचा मोह आवरा. दिल्लीच्या सीएसडीएसनं (राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ ला काढलेली संस्था) १९६७ ला पहिला राष्ट्रीय निवडणूक अभ्यास केला, मग १९७१ आन १९८० ला, आन १९९६ पासून तर दर लोकसभेला होतो. आपल्या पुण्याच्या राज्यशास्त्रवाल्या सुहास पळशीकरांनी त्यात वर्षानुवर्षं काम केलंय. जुन्या उत्तराशेजारी नवं उत्तर ठेवता येतं ते प्रश्न तोच ठेवला म्हणून, सुधारून ‘छान’ केला असता तर दोन्ही वेगळी झाली असती.

प्रश्न : सर, मागं आमच्या घरी सर्व्हेवाले आले होते. चिठ्ठीवर नाव माझं, पण सगळी उत्तरं आमच्या मालकांनी दिली, मी आपला चहा केला. असं चालतं का हो? आणि मत कुणाला दिलं हे लोक खरं सांगतात का? – एक गृहिणी, वसमत

नाही चालत ताई. तो फॉर्म रद्दच व्हायला पाहिजे होता. पण मी हसलो नाही वाचून, कारण पहिल्या वर्षी मीच असले तीन फॉर्म भरून दिलेत. दुपारची वेळ, घरमालक खाटंवर, ‘तिला काय कळतंय, मी सांगतो ना’ म्हणला, मी लिहून घेतलं. संध्याकाळी सुपरवायझर बाईंनी फॉर्म चाळले आन विचारलं, ‘ह्या तिन्ही बायांचं उत्तर यांच्या नवऱ्यांसारखं कसं काय, आन तिघींना पण आमदाराचं नाव, खासदाराचं नाव, सगळं येतंय?’ मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरी परत.

त्यातलं एक घर अजून डोळ्यापुढंय. गावात टँकर आलेला, ती बाई हंडे घेऊन रांगेत, नवरा मागंच उभा. मी म्हणलं, ताई तुमचं पाणी होऊ द्या, मी थांबतो. घंटाभर थांबलो. मग गोठ्यात, म्हशीच्या दावणीशेजारी, नवऱ्याला माझ्या जोडीदारानं शेतीच्या गप्पात गुंतवलं, तेव्हा बोलली. आधी प्रत्येक प्रश्नाला ‘मला न्हाई कळत’, चौथ्या-पाचव्या प्रश्नाला सुरू झाली ती रेशनपासून दवाखान्यापर्यंत थांबेचना. शेवटी मताचा प्रश्न.

तो तोंडी विचारायचाच नसतो, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. खोटी मतपत्रिका असते, पक्षांची चिन्हं छापलेली, ती हातात द्यायची, स्वतः तोंड फिरवायचं, तिनं शिक्का नाहीतर खूण करायची, घडी घालून पेटीत टाकायची. आमच्या पत्रिकेवर फक्त फॉर्मचा नंबर असायचा, नाव नाही. ती बाई खूण करताना पदर पुढं ओढून बसली, म्हशीला दिसू नये म्हणल्यासारखी! घडी तीनदा घातली, पेटीत टाकली आन म्हणली, ‘ह्येंला सांगू नका.’ मी काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं.

तरीबी सगळे खरं सांगतात असं नाही. मत न देता ‘दिलं’ म्हणणारे तर प्रत्येक सर्व्हेत निघतात, म्हणून बोटावरची शाई नजरेच्या कोपऱ्यातून बघून घ्यायची. आन निकाल लागला की जिंकलेल्याला मत दिलेले लोक अचानक वाढतात, त्यामुळं मतदान झाल्यावर आन मतमोजणीच्या आत घरी जाऊन विचारणं हे सगळ्यात बरं. २०२४ ला आपल्या परभणी-हिंगोली-नांदेडचं मतदान २६ एप्रिलला झालं आन मोजणी ४ जूनला, म्हणजे ३९ दिवस हातात होते. पण म्हणून ३९ दिवस लावायचे नाहीत, गावात ‘कोण येतंय’ च्या गप्पा पिकल्या की माणसाचं स्वतःचं मत पण त्यात भिजतं.

विचारणारा कोण ह्यानं पण उत्तर बदलतं. २०२३ ला अंतरवाली सराटीपासून आरक्षणाचा विषय तापल्यावर तर पोरांना गावात पहिला प्रश्न यायचा, ‘आडनाव काय तुमचं?’ आडनाव ऐकलं की उत्तर बदलायचं. ह्याला पक्का उपाय नाही, टीममध्ये सगळ्या समाजाची पोरं-पोरी ठेवायची, बायांकडं शक्यतो पोरींनाच पाठवायचं, आन कोणता फॉर्म कोणी भरला हे नोंदवून ठेवायचं, म्हणजे नंतर तपासता तरी येतं.

प्रश्न : कितीही शास्त्र सांगा, २०२४ ला सगळे सर्व्हेवाले तोंडावर पडले का नाही? मग कशाला हा खटाटोप? – एक वाचक, जालना

पडले की. बऱ्याच एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर दाखवलं होतं, आले २९३. २००४ ला पण वाजपेयींचं सरकार परत येणार म्हणले होते, नाही आलं. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधायलात. एक्झिट पोलवाल्याला संध्याकाळी टीव्हीवर जागांचा आकडा सांगायचाय. मतदार अभ्यासाला बघायचंय की कोणी, का, कशावरून ठरवून मत दिलं. जागा ही त्याची विद्याच नव्हे.

कारण मतं सारखी पडूनही जागा कुठल्या कुठं जातात. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महायुती आन आघाडीची मतं जवळजवळ सारखी होती, पाव टक्क्याच्या आतबाहेर, पण जागा १७ आन ३०. बीडची सीट साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी फिरली. कोणत्याच सर्व्हेच्या चाळणीला एवढी बारीक भोकं नसतात. आन मराठवाड्यात आठपैकी सात जागा आघाडीला देणाऱ्या लोकांनी सहाच महिन्यांत विधानसभेला जवळजवळ उलटं करून दाखवलं. हे असं का झालं, तेच लोक फिरले का वेगळे लोक बाहेर पडले, हे समजून घ्यायला एकच रस्ता आहे, त्याच माणसांकडं दोनदा जाऊन विचारायचं. ह्याला पॅनल म्हणतात, खर्चिक असतो, दुसऱ्या वेळी बरेच लोक सापडत नाहीत, पण माझं विचाराल तर जागांच्या दहा अंदाजांपेक्षा असा एक पॅनल मला जास्त सांगतो.

आन कायदा लक्षात असू द्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल बाहेर काढता येत नाही, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या जालन्याचं मतदान १३ मे ला झालं तरी १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत तोंड बंद. व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी पण हे वाचावं.

प्रश्न : मला सुट्टीत सर्व्हेचे फॉर्म भरायचं काम मिळतंय. आई नको म्हणते. काय काळजी घेऊ? – एक विद्यार्थिनी, हिंगोली

जा बाळा, फक्त एकटी नको, जोडीनं जा, आन संध्याकाळी किती वाजता परत हे आधी ठरवून आईला सांग. गावात पाय ठेवला की पहिलं संस्थेचं पत्र आन ओळखपत्र सरपंचाला नाहीतर पोलीस पाटलाला दाखवायचं, पण त्यांना ‘कोणाकडं जाऊ’ असं मात्र विचारायचं नाही, नुसतं यादीतलं घर कुठंय तेवढं विचार. सकाळी ७ ते ११ आन संध्याकाळी ५ नंतर, मधल्या वेळात उन्हात मरायचं नाही, तसंबी तेव्हा कोणी दार उघडत नाही. लग्नाची तिथी बघून गाव निवड, मोठी तिथी असली की अख्खं गाव वऱ्हाडात. चहा कोणत्याच घरी नाही म्हणू नकोस, अर्धा कप घे, नाहीतर वीस घरांचा चहा पोटात जाऊन रात्री झोप लागत नाही. आन खोटी मतपत्रिका वाऱ्यानं उडते, पिशवीत एक जड पुस्तक ठेव.